रेस्क्यू व्हॅनमध्ये काय असतं आणि मंडळाच्या गाडीत काय असावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. भांडुपच्या एका गणेशोत्सव मंडळाला देणगीदाराने जुनी ईको गाडी दिली आहे. पावसाळ्यात टेकडीवरच्या आणि सखल भागातल्या वस्तीच्या मदतीसाठी ती सज्ज करायची आहे. पोलिसांच्या आणि अग्निशमन दलाच्या गाड्यांत कोणतं सामान असतं, त्यातलं आपण काय घ्यावं, हायड्रॉलिक कटर घेता येईल का, छतावर लाल-निळा दिवा आणि सायरन लावला तर चालेल का, असं कार्यकर्त्यांनी विचारलं आहे. हाताशी ६० हजार रुपये आहेत.

मी मुंबईत २७ वर्षं फायरच्या नोकरीत काढली, त्यातली ११ रेस्क्यू व्हॅनवर. पोरांनी मनापासून विचारलंय म्हणून सविस्तर लिहितो.

दिव्या-सायरनचं आधी सांगून टाकतो. लावू नका. १ मे २०१७ पासून मंत्र्यांच्या गाड्यांवरचेसुद्धा दिवे उतरले. रंगीत चमकणारे दिवे आणि सुरांचा सायरन पोलीस, फायर, अ‍ॅम्ब्युलन्स अशा गाड्यांसाठीच आहेत. कायदा बाजूला ठेवला तरी एलबीएस मार्गावर सायरन ऐकून रिक्षावाला गाडी फुटपाथला घासून वाट देतो, ती त्या आवाजावरच्या विश्वासाने देतो. तो विश्वास आपण खर्च करायचा नाही. गाडीला चारही बाजूंनी रिफ्लेक्टिव्ह पट्टी चिकटवा आणि मागे रस्त्यावर मांडायचे दोन नारिंगी कोन ठेवा. तेवढं पुरतं.

आता सामान. रेस्क्यू व्हॅनचं शटर वर केलं की बघणाऱ्याचे डोळे मोठ्या यंत्रांवर जातात. पत्रा कापायचा कटर, फाकवायचा स्प्रेडर, रेटायचा रॅम, उचलायच्या एअर बॅगा, चेन सॉ, काँक्रीट कापायचा कटर, धुरात श्वास घ्यायचा बी. ए. सेट, दोर, शिड्या, स्ट्रेचर. नवा भरती झालेला मुलगाही तेच बघतो. पण जुना माणूस आधी बघतो की प्रत्येक वस्तू तिच्या जागेवर आहे का. वर्दी, म्हणजे मदतीचा कॉल, येते ती रात्री अडीचला, पावसात, लाइट गेलेल्या गल्लीतली. त्या वेळी हात शटरच्या आत घातला की पहार जिथे असायची तिथेच हाताला लागली पाहिजे. शोधायला लागलं की ती वस्तू असून नसल्यासारखी.

म्हणून ड्युटी बदलताना सामान ताब्यात घेणं हेच आमचं खरं काम असायचं. नुसती यादीवर टिक करून सही ठोकायची नाही. बी. ए. सेटचंच घ्या. पाठीवर घ्यायचा हवेचा सिलिंडर आमच्याकडे ६.८ लिटरचा, ३०० बारला भरलेला, म्हणजे साधारण २,००० लिटर हवा. कागदावर हिशेब केला तर पाऊण तासाच्या वर येतो. होज ओढत सहा मजले चढून गेलेल्या माणसाला ती कधी कधी अर्धा तासही पुरत नाही. सकाळी व्हॉल्व्ह उघडायचा, गेज वाचायचा, व्हॉल्व्ह बंद करून मिनिटभर काट्याकडे बघत राहायचं. काटा खाली सरकला तर कुठेतरी गळती आहे. मग थोडी थोडी हवा सोडायची आणि काटा ५५ बारच्या आसपास आला की शिट्टी वाजते का ते कान देऊन ऐकायचं. आत धुरात ती शिट्टी म्हणजे बाहेर निघायचा हुकूम असतो. शेवटी मास्क चेहऱ्याला लावून श्वास आत ओढायचा. मास्क गालांना घट्ट चिकटला पाहिजे. दाढीचे खुंट वाढले असले तर रबर नीट बसत नाही, म्हणून आम्ही रोज दाढी करायचो.

हायड्रॉलिक कटरबद्दल विचारलंय, तर त्याच्याशी जोडलेली एक गोष्ट सांगतो. मी एका केंद्रावर असताना पूर्व द्रुतगती मार्गावर टेम्पो ट्रेलरच्या मागे घुसल्याची वर्दी आली. चालकाचे दोन्ही पाय डॅशबोर्डखाली. आम्ही सात मिनिटांत पोचलो. स्प्रेडर उतरवला, पाइप जोडले, त्याला दाब देणाऱ्या पेट्रोल इंजिनाची, म्हणजे पॉवर पॅकची दोरी ओढली. इंजिन लागलं नाही. पुन्हा ओढली, पुन्हा नाही. टाकीत महिनोन् महिने पडलेलं पेट्रोल होतं. आधीच्या पाळ्यांनी यादीवर रोज टिक केली होती, आदल्या आठवड्यात मीही केली होती, पण इंजिन चालू करून कोणीच बघितलं नव्हतं. आम्ही हातपंप लावला, पहारीने पत्रा ताणला आणि माणूस बाहेर काढला, पण साधारण १२ मिनिटं जास्त गेली. तो जगला. एक पाय वाचला नाही. त्या १२ मिनिटांमुळे गेला की आधीच गेलेला होता, हे मला कोणी सांगू शकलं नाही. त्या दिवसापासून मी जिथे होतो तिथे पॉवर पॅक रोज सकाळी पाच मिनिटं चालवायचो. आता बॅटरीवरचे कटर आलेत, त्यांचंही तेच. बॅटरी चार्जरवर नसेल तर तो नुसता १५-२० किलोचा लोखंडी गोळा.

तुम्हाला तो घ्यायचा नाही, आणि कारण फक्त पैसे नाही. पूर्ण संच काही लाखांच्या घरात जातो हे खरंच, पण त्या हत्यारात ७०० बारच्या आसपास दाब असतो आणि आजच्या गाड्या चुकीच्या जागी कापल्या तर कापणाराच जखमी होतो. छताच्या खांबात पडदा-एअरबॅगचा गॅस सिलिंडर लपलेला असतो. आम्ही आतलं प्लास्टिक सोलून आधी तो कुठे आहे ते बघायचो, मग कटरचं पातं लावायचो. इलेक्ट्रिक गाडीत नारिंगी केबल दिसली की तिला हात नाही. मुंबईत टॅक्सी-रिक्षा बहुतेक सीएनजीवर, म्हणजे डिकीत नाहीतर सीटखाली २०० बारची टाकी. हे सगळं रोज हाताळणाऱ्यालाही जड जातं.

पण अपघाताच्या गाडीत सर्वांत आधी लागते ती वस्तू तुमच्याकडे असू शकते, ती म्हणजे लाकडी ठोकळे. गाडी कलंडलेली असते, डुलत असते आणि लोक तिच्यावर चढून दार ओढत असतात. आत ज्याच्या मानेला मार आहे त्याला प्रत्येक झोका बाधतो. आम्ही कटर काढायच्या आधी चाकांना आणि दाराखालच्या पट्टीखाली, म्हणजे सिलखाली, ठोकळे-पाचरी मारून गाडी पक्की करायचो. एअर बॅगने स्लॅब उचलतानाही हाच नियम. जितकं उचललं तितकं लगेच ठोकळ्यांनी भरायचं, कारण बॅग फुटली तर खाली माणूस आहे. मंडळात कोणी सुतार असेलच. त्याला चार बाय चार इंची, दीड फूट लांब असे २० ठोकळे आणि १० पाचरी कापायला सांगा. कडक लाकूड घ्या. रंग देऊ नका, ओल्या रंगावर लाकूड घसरतं.

पोलिसांच्या गाडीबद्दल लोकांना वाटतं की तिच्यात लाठ्या आणि ढालीच असतात. बंदोबस्ताच्या गाडीत त्या असतातच. पोलीस ठाण्याच्या मोबाइल व्हॅनमध्ये वायरलेस, टॉर्च, दोर, प्रथमोपचार पेटी, मेगाफोन, रस्ता अडवायची पट्टी असं साधं सामान असतं. वाहतूक पोलिसांकडे कोन, चाकाला लावायचे जॅमर, श्वास तपासायचं यंत्र. यादी म्हणून फार काही नाही. पण बहुतेक ठिकाणी ते आमच्या आधी पोचतात आणि त्यांच्या मेगाफोनची किंमत मला एका पडलेल्या इमारतीपाशी कळली.

दक्षिण मुंबईतली जुनी इमारत होती, पाच मजली, सकाळी बसली. ढिगाऱ्याखालचा आवाज टिपणारं यंत्र आणि नळीच्या टोकाला कॅमेरा लावून फटीत सोडायचा संच आमच्याकडे होता. पण भोवती शेकडो माणसं, जेसीबी चालू, अ‍ॅम्ब्युलन्स उभ्या, प्रत्येकाचा फोन वाजतोय. त्या गोंगाटात यंत्राला काहीच ऐकू येईना. एका हवालदाराने मेगाफोन घेतला आणि अगदी शांत आवाजात सांगितलं, "दोन मिनिटं कोणी बोलू नका, खाली माणसं आहेत, त्यांना ऐकायचंय." जेसीबी बंद झाला. गल्लीतल्या दुकानदारांनी शटर अर्धवट ओढून आतले पंखेसुद्धा बंद केले. मग ऐकू आलं, पाइपवर काहीतरी टकटक. त्या जागी आम्ही हाताने आणि घमेल्यांनी चार तास काढत गेलो. आजी आणि नातू, दोघं जिवंत होते. माझ्या मते त्या दिवशी सगळ्यांत मोलाचं यंत्र मेगाफोन होता. तो तुम्ही घ्या, आणि एक शिट्टी प्रत्येकाच्या गळ्यात. टेकडीवर दरड आली की पहिला अर्धा तास तुमच्याच हातात असतो. एक लांब शिट्टी म्हणजे सगळे गप्प, हे वस्तीला आताच शिकवून ठेवा.

जागा बघून सामान बाहेर काढायचं असतं, हे मंडळाच्या पोरांनी विशेष लक्षात ठेवावं. १३ मे २०२४ ला घाटकोपरच्या छेडानगरला १२० बाय १२० फुटांचं होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळलं आणि १७ जण गेले. तेव्हा मी नोकरीतून बाहेर पडलो होतो. अनेकांनी मला फोन करून विचारलं, लोखंडच आहे ना, गॅस कटरने पटापट का कापत नाहीत? खाली पेट्रोलच्या टाक्या, हवेत वाफ, आणि गॅस कटर म्हणजे ठिणग्यांचा पाऊस. गाडीत कटर होते, पण तिथे ते चालवणं म्हणजे अडकलेल्यांच्या अंगावर आग घालणं. म्हणून क्रेनवर भिस्त ठेवावी लागली, म्हणून वेळ लागला. तुमच्याकडेही उद्या कोणीतरी वेल्डिंगवाला आपला गॅस कटर घेऊन धावत येईल. आधी वास घ्या, आधी बघा तिथे काय साठवलंय. घरगुती सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत, मोरीत, गटारात जाऊन बसतो. पाइपने येणारा महानगर गॅस हलका, तो छताला जातो. वासाच्या जागी बटण दाबायचं नाही, बंदही करायचं नाही.

आता तुमच्या गाडीकडे येतो. भांडुपमध्ये तुम्हाला दोन प्रकारची कामं पडणार, उतारावरची आणि पाण्यातली.

उतारावर तीन फुटांच्या गल्ल्या, पायऱ्या, काटकोनात वळणं. १०८ ची अ‍ॅम्ब्युलन्स खाली रस्त्यावरच थांबते. तिथे लांब कडक स्ट्रेचर वळणावर अडतो, हे मी घामाघूम होऊन अनुभवलंय. सहा किंवा आठ हँडलची जाड ताडपत्रीची उचलशीट घ्या. गुंडाळली की सीटखाली मावते आणि चौघं-सहाजण जिन्यावरून माणूस खाली आणू शकतात. पाठीच्या मणक्याला मार असल्याचा संशय असेल आणि जागा धोक्याची नसेल तर हलवू नका, अ‍ॅम्ब्युलन्सवाले बोर्ड घेऊन वर येईपर्यंत डोकं दोन्ही हातांनी स्थिर धरून बसा. हे अवघड असतं, भोवतालचे "उचला, उचला" ओरडतात. तरीही धरून बसा. दरडीसाठी दोन पहारी, चार फावडी, दहा घमेली, एक हातकरवत, चामड्याचे हातमोजे. माणूस दिसला की फावडं बाजूला, हातांनी माती काढायची, आधी तोंड आणि छाती मोकळी करायची. आणि एक माणूस फक्त वर डोंगराकडे बघत उभा ठेवायचा, शिट्टी तोंडात. दुसरी दरड येते ती बघायला कोणी नसतं म्हणून मदतीला गेलेले लोक जातात.

पाण्यासाठी मुंबईत सर्वांत उपयोगी सामान कोणत्याही दुकानात मागायची गरज नाही. सहा-सात फुटांचा सरळ बांबू. गुडघाभर गढूळ पाण्यात पुढे पाय टाकण्याआधी बांबू टेकवायचा. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात उघड्या मॅनहोलमुळे या शहराने एक नामांकित डॉक्टर गमावले. त्यानंतर मॅनहोलखाली जाळ्या बसवायला सुरुवात झाली, पण जाळी आहे असं धरून चालायचं नाही. चौघांकडे चार बांबू, एकमेकांमागे, पहिला टेकवतो त्याच पावलावर बाकीचे. पायात गमबूट नको, पाणी भरलं की ते नांगरासारखे ओढतात. जाड तळव्याचे, नाड्यांचे बूट बरे. पायाला जखम असलेल्याने पाण्यात उतरूच नये. आणि जो उतरला त्याने लेप्टो (साचलेल्या पाण्यातून होणारा ताप) टाळायच्या गोळ्यांसाठी २४ ते ७२ तासांच्या आत महापालिकेच्या दवाखान्यात जायचं. ताप यायची वाट बघायची नाही.

लाइफ जॅकेट सहा घ्या, आणि ती मदतीला जाणाऱ्यांसाठी आहेत हे पक्कं करा. पाण्यात उतरणारा आधी घालणार, पट्टे आवळणार, मगच पाऊल. खांद्याला धरून वर ओढलं आणि जॅकेट कानांपर्यंत सरकलं तर ते ढिलं आहे. विजेचं काम तुमचं नाही. तुमच्याकडे महावितरण आहे, त्यांना आणि महापालिकेच्या १९१६ या मदत क्रमांकाला कळवून वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत डीपीच्या, खांबाच्या आसपासच्या पाण्यात कोणी जायचं नाही. रबरी हातमोजे घातले म्हणून तर अजिबातच नाही. आमच्याकडचे विजेचे हातमोजे वेगळे असतात आणि त्यांचीही ठरलेल्या मुदतीत चाचणी होते.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. पाण्यात बंद पडलेल्या गाड्यांत काचा उतरेनात, दारं उघडेनात, आणि माणसं आतच गुदमरली. त्यानंतर मुंबईकरांनी गाडीत हातोडी ठेवायला सुरुवात केली, पण मी बघितलेल्या निम्म्या गाड्यांत ती डिकीत असते. ती चालकाच्या हाताशी, पट्टा बांधलेल्या अवस्थेत पोचेल अशी लावा. समोरची काच दोन थरांची असते, ती फुटत नाही, नुसती तडकते. बाजूच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात मारायचं, मधोमध नाही. काही महागड्या नव्या गाड्यांत बाजूची काचही दोन थरांची असते, काचेच्या कोपऱ्यातल्या खुणेत ते लिहिलेलं सापडतं, तेव्हा मंडळाच्या प्रत्येकाने आपल्या घरची गाडी आताच तपासावी. पाण्याखाली हातोडी फिरवायला जोर मिळत नाही, स्प्रिंगचा पंच चालतो, म्हणून तुमच्या ईकोत दोन पंच आणि दोन बेल्ट कापायच्या आकड्या ठेवा. बाहेरून काच फोडताना माणूस ज्या सीटवर आहे तिच्यापासून सगळ्यांत लांबची निवडा.

प्रथमोपचाराच्या पेटीत खोकल्याच्या आणि डोकेदुखीच्या गोळ्या भरून जागा घालवू नका. हातमोजे, मोठ्या जाड पट्ट्या, त्रिकोणी पट्ट्या, कात्री, ओआरएस, दोन चांगल्या प्रतीच्या टूर्निके (रक्त थांबवायला हात-पाय आवळायचे पट्टे) आणि मार्कर पेन. टूर्निके बांधली की वेळ जखमीच्या कपाळावर किंवा दंडावर लिहायची, म्हणजे हॉस्पिटलात कोणाला विचारत बसावं लागत नाही. पोरं विचारतात, जखमीला नेलं तर पोलीस चौकशीत अडकवतील का? मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ मध्ये मदत करणाऱ्याला संरक्षण आहे, नाव-पत्ता सांगायची सक्ती करता येत नाही. हे छापून पेटीच्या झाकणाला आतून चिकटवा.

आगीसाठी दोन डीसीपी, म्हणजे कोरड्या पावडरचे, सिलिंडर पुरेत. काटा हिरव्यात आहे का ते दर आठवड्याला बघा आणि महिन्यातून एकदा उलटे करून हलवा, गाडीच्या धक्क्यांनी पावडर तळाला घट्ट बसते. बी. ए. सेट, रबरी बोट, गॅस कटर, चेन सॉ यांतलं काहीही घेऊ नका. हातात आलं की वापरावंसं वाटतं, आणि प्रशिक्षण नसलेल्या हातात त्यातली प्रत्येक वस्तू आणखी एक जखमी तयार करते.

उरलेल्या पैशांतून नाही, आधीच्या पैशांतून प्रशिक्षणाला जायचं भाडं बाजूला काढा. नागरी संरक्षण दल शिकवतं, आपत्तीत मदतीसाठी स्वयंसेवक तयार करणारी आपदा मित्र योजना आहे. १४ एप्रिलला, १९४४ च्या गोदीतल्या स्फोटात गेलेल्या आमच्या ६६ जवानांच्या स्मरणार्थ, अग्निशमन सप्ताह सुरू होतो. त्या आठवड्यात विक्रोळी किंवा मुलुंडच्या केंद्रात विचारून जा. जवान शटर उघडून सामान दाखवतात, हातात देतात. प्रश्न विचारा, त्यांना आवडतं.

दोराचं शेवटी ठेवलं कारण सगळ्यांत जास्त चुका तिथे होतात. पाण्यात फेकायचा दोर पॉलिप्रॉपिलीनचा, कारण तो तरंगतो. नायलॉनचा बुडतो आणि ओला झाला की त्याची ताकदही कमी होते. २० मीटरच्या दोन थ्रो बॅग घ्या. दोर वेटोळं करून ठेवायचा नाही, पिशवीत मूठ-मूठ करून कोंबायचा, म्हणजे फेकला की गाठ न पडता सुटत जातो. मैदानात दर रविवारी फेकून बघा, बादलीवर नेम धरून. उतारावर रेलिंगसारखा बांधायला ११ मिलिमीटरचा ३० मीटर दोर वेगळा, लेबल लावलेला. कधी घेतला, कधी वापरला हे लेबलवर लिहायचं. एकदा जरी त्याच्यावर माणसाचा झटका बसला किंवा बॅटरीचं अ‍ॅसिड सांडलं तरी तो दोर संपला. त्याचे तिथल्या तिथे दोन-दोन मीटरचे तुकडे करा, म्हणजे पुढच्या पावसात घाईत कोणी तोच उचलून नेणार नाही.